पावसात सोलरवर घर चालवायचं तर

परवा गोव्यातल्याच पेडण्याहून मावसभावाचा फोन. छपरावर तीन किलोवॅटचं सोलर बसवून बसलाय आणि तक्रार काय तर लाईट गेली की सोलर पण जातं, लख्ख ऊन असताना सुद्धा, मग एवढे पैसे घातले कशाला. आमच्याकडे डिचोलीत पहिल्या वर्षी हेच झालेलं. जूनमध्ये फणसाची फांदी लाईनवर पडली, दोन दिवस लाईट नाही, दुसऱ्या दिवशी पाऊस थांबून असं ऊन पडलं की वर पॅनल चकाकतायत आणि खाली फ्रीजमधले बांगडे मऊ पडतायत. त्याला तासभर फोनवर जे सांगितलं ते इथे लिहून ठेवतो, नायतर दर पावसाळ्यात कोणी ना कोणी विचारतंच.

पहिलं म्हणजे तुमचं सोलर बिघडलेलं नाही. साध्या सोलरला ऑनग्रिड म्हणतात, त्याचा इन्व्हर्टर बाहेरच्या लाईनचा ताल पकडून चालतो, ताल गेला की तो गप्प बसतो, आणि हे मुद्दाम केलेलं असतं. कारण लाईन बंद आहे असं समजून पोलवर माणूस चढलेला असतो, त्यावेळी तुमच्या घरातून करंट उलटा लाईनीत गेला तर तो माणूस मरेल. "ही सोय काढून देतो, चालेल मग लाईटीशिवाय" असं सांगणारा कोणी भेटला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. नेट मीटरमुळे दिवसा दिलेले युनिट रात्री वळते होतात, बिल उतरतं, ते खरंच आहे, पण ती बँक लाईट असतानाच उघडी असते. बिल कमी करायचं काम पॅनल आणि मीटर करतात, अंधारात घर चालू ठेवायचं काम बॅटरी करते, त्याचे पैसे वेगळे. पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये आली, त्यात तीन किलोवॅट आणि त्याच्या वर ७८,००० रुपये सबसिडी मिळते, पण ती पॅनलच्या क्षमतेवर, बॅटरीला त्यात वेगळं काही नाही. तेव्हा बॅटरी आपल्याच खिशातून, म्हणून जरा हिशोबाने.

दुकानात जायच्या आधी एक वही घ्या आणि लाईट नसताना संध्याकाळी सहा ते सकाळी आठ घरात काय चालू राहिलंच पाहिजे ते लिहा. मी मे महिन्यात हे केलं, प्लगमध्ये लावायचा छोटा वॅट मीटर मिळतो तो आणला आणि एकेक वस्तू मोजली, बायको म्हणाली आता तेवढं माझं वजन राहिलंय. आमची यादी अशी निघाली: तीन पंखे आठ तास, सहा एलईडी पाच तास, राऊटर रात्रभर, टीव्ही तीन तास, मोबाईल वगैरे, आणि फ्रीज. पंखे आमचे बीएलडीसी म्हणजे कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचे आहेत, ३० वॅटचे, म्हणजे तिन्ही मिळून ७२० वॅट-तास. एलईडी २७०, राऊटर १४०, टीव्ही २४०, मोबाईल धरा १००. फ्रीज दिवसाला साधारण सव्वा युनिट खातो, चौदा तासांचे ७०० धरले. झाले २१७० म्हणजे दोन युनिटच्या थोडं वर. एक युनिट म्हणजे हजार वॅट-तास, बिलावर जो युनिट असतो तोच.

इथे सगळे थांबतात आणि इथेच चुकतात, मी पण चुकलेलो. इन्व्हर्टर स्वतः पण खातो! पाच किलोवॅटचा हायब्रिड म्हणजे पॅनल, बॅटरी आणि लाईन तिन्ही सांभाळणारा इन्व्हर्टर नुसता चालू राहायला पन्नासेक वॅट घेतो, चौदा तासांचे ७००, म्हणजे आमच्या फ्रीजएवढे. वर बॅटरीतून वीज काढताना दहा टक्के इकडेतिकडे जातात. सगळं धरून रात्रीचे सव्वातीन युनिट लागतात. आता हेच पंखे जुने ७५ वॅटचे असते तर एका रात्रीत एक युनिटपेक्षा जास्त फरक पडला असता. तेव्हा मोठी बॅटरी घ्यायच्या आधी पंखे बदला, त्याहून स्वस्त बॅटरी बाजारात नाही.

यादीत जे नाही ते पण बघा. गिझर नाही, इस्त्री नाही, एसी नाही, इंडक्शन नाही, पंप नाही. गिझर एकटा २००० वॅट घेतो, अर्ध्या तासात एक युनिट गिळतो. आमच्याकडे न्हाणीतलं भाण, म्हणजे चुलीवर पाणी तापवायचं मोठं भांडं, अजून आहे, पावसात तेच पेटतं. ज्यांच्याकडे नाही त्यांनी गॅसवर पाणी तापवावं, बॅटरीवर पाणी तापवणं म्हणजे सोनं विकून मीठ आणणं.

पंपाची गोष्ट सांगायलाच हवी. दोन वर्षांपूर्वीची चवथ म्हणजे गणेश चतुर्थी, तेव्हा आमच्याकडे तीन केव्हीएचा इन्व्हर्टर होता. गणपतीवर फळा-पानांची माटोळी बांधलेली, तिच्यावर दोन फोकस, घरात वीसेक माणसं, आरत्या चालू, घुमट वाजतंय आणि लाईट गेली. इन्व्हर्टरने लगेच घेतलं, कोणाला कळलं पण नाही, मी मनात खूश. स्वयंपाकघरात मिक्सर चालू होता. तेवढ्यात काकांनी हात धुवायला पाणी नाही म्हणून बांयवरच्या म्हणजे विहिरीवरच्या पंपाचं बटण दाबलं आणि टक्क करून सगळं घर काळोखात. एक एचपीचा पंप चालू असताना हजारेक वॅट घेतो पण चालू होताना त्या क्षणाला चार-पाच पट ओढतो, तेवढा झटका आधीच भरलेल्या इन्व्हर्टरला झेपला नाही. आरती काही थांबली नाही, निरांजनाच्या उजेडात पुरी झाली, पण काका अजून विचारतात की तुझं सोलर चालू आहे ना, मी हात धुऊ का.

तेव्हापासून पंप बॅटरीच्या सर्किटवर नाही. तो सकाळी अकरा ते दोन टायमरवर चालतो आणि वरची टाकी भरून ठेवतो. टाकी भरली म्हणजे ऊनच साठवलं, नाही का. महाराष्ट्रातला घाटघरचा जलविद्युत प्रकल्प हेच काम २५० मेगावॅटवर करतो, मागणी कमी असते तेव्हा पाणी वरच्या धरणात चढवायचं आणि गरज असते तेव्हा खाली सोडून वीज करायची. आपली हजार लिटरची टाकी वीज करत नाही पण रात्री पंप लावायची पाळी आणत नाही, म्हणजे फायदा तोच. तसंच वॉशिंग मशीन, इस्त्री, खोबरं-मसाला वाटायचं काम दुपारी उरकायचं. फ्रीजरमध्ये रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवल्या तर लाईट नसताना फ्रीज रात्री तीन-चार तास बंद ठेवला तरी मासे टिकतात, फक्त दार उघडायचं नाही. कुळागर म्हणजे सुपारीची बाग असेल तर शिंपणाचा पंप घरच्या सिस्टीममध्ये घालूच नका, त्याला वेगळा सोलर पंप घ्या, ऊन असेल तेव्हा चालतो, बॅटरीची भानगडच नाही.

आता बॅटरी. दोन रस्ते आहेत, ट्युब्युलर म्हणजे ॲसिडवाली आणि लिथियम. लिथियममध्ये घरासाठी लिथियम आयर्न फॉस्फेट घ्यायची, दुकानात एलएफपी म्हणतात, ती तापून पेटायची भीती बाकीच्या लिथियमपेक्षा बरीच कमी. बॅटरीवर लिहिलेला आकडा आणि हातात येणारी वीज यात फरक असतो. १२ व्होल्ट १५० एएचची (अँपिअर-तास, व्होल्टने गुणलं की वॅट-तास) ट्युब्युलर म्हणजे कागदावर १.८ युनिट, पण अर्ध्याच्या खाली रोज नेली तर लवकर मरते, तेव्हा हातात ०.९. आमचे सव्वातीन युनिट काढायला तशा चार लागतात. एलएफपीमध्ये ५१.२ व्होल्ट १०० एएचचा एक डबा म्हणजे ५.१२ युनिट, त्यातले ८० टक्के आरामात वापरता येतात, म्हणजे चार युनिट, रात्र जाऊन थोडी शिल्लक. आयुष्य पण बघा, ट्युब्युलर नीट सांभाळली तर हजारेक वेळा भरते-रिकामी होते, एलएफपी तीन हजारांच्या पुढे. लाईट आठवड्यातून एकदाच जाते आणि तीही तासभर, असं असेल तर ट्युब्युलर पुरे, उगाच उसनवारी करून लिथियम घेऊ नका. रोज रात्री बॅटरीवर चालवायचं असेल तर लिथियमच.

ट्युब्युलर घेतली तर तिची सेवा करावी लागते. डिस्टिल्ड वॉटरच घालायचं, आमच्या शेजाऱ्यांनी पावसाचं पाणी शुद्धच असतं म्हणून पत्र्यावरून पडलेलं पाणी बादलीत धरून घातलं, वर्षात बॅटऱ्या बसल्या. टर्मिनलवर पांढरं-हिरवं चढतं ते कोमट पाण्याने धुवून, पुसून, व्हॅसलिन लावायचं. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो म्हणून बंद कोठीत ठेवायची नाही, देवघराजवळ तर अजिबात नाही, समईची ज्योत आणि हा गॅस यांची गाठ पडू देऊ नका. एक बॅटरी गेली म्हणून चारात एक नवी घातली तर जुन्या तीन तिला पण खाली ओढतात, बदलायच्या तर चारही. आणि गरमी, ॲसिडवाल्या बॅटरीचं आयुष्य २५ डिग्रीच्या वर दर दहा डिग्रीला साधारण अर्ध होतं, तेव्हा पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवणं म्हणजे भाजायला ठेवणं. चिऱ्याच्या भिंतीची, वारा खेळणारी, खालची खोली सगळ्यात चांगली. लिथियमला पाणी-बिणी लागत नाही पण गरमी तिलाही नकोच, आणि जमिनीवर नको, वीतभर उंच स्टँडवर, कारण आमच्याकडे २४ तास कोसळला की मागच्या दाराने पाणी आत येतं.

लिथियमची एक बारीक गोष्ट, बॅटरी आणि इन्व्हर्टर यांच्यात एक डेटा केबल जाते, तिच्यातून बॅटरी सांगते मी किती भरले, किती वेगाने भरा. बसवणारे घाईत ती लावत नाहीत आणि इन्व्हर्टर अंदाजाने चालतो, मग स्क्रीनवर ६० टक्के दिसतात आणि पाच मिनिटांनी घर बंद. घेतानाच विचारा, हे दोन एकमेकांशी बोलतात का, आणि समोर जोडून दाखवायला सांगा.

इन्व्हर्टर हायब्रिड लागतो. त्याला बॅकअपचं वेगळं आउटपुट असतं, लाईट गेली की तो बाहेरची लाईन स्वतःहून तोडतो आणि त्या आउटपुटवर घर चालवतो, लाईनीत काही जात नाही, म्हणजे पोलवरचा माणूस सुरक्षित आणि दिवसा पॅनल पण चालू. त्या आउटपुटला वेगळा डीबी बॉक्स म्हणजे ब्रेकरची पेटी करून यादीतली सर्किटंच त्यावर घ्यायची. जुन्या घरात इथे एक त्रास हमखास येतो, सगळ्या खोल्यांचा न्यूट्रल एकत्र गुंडाळलेला असतो. फेज बॅकअपवर आणि न्यूट्रल मेनवर राहिला की आरसीसीबी म्हणजे शॉक लागू नये म्हणून असलेला ब्रेकर सारखा पडतो आणि माणूस इन्व्हर्टरला शिव्या देतो. आमच्या वायरमनला दीड दिवस लागला सगळे न्यूट्रल वेगळे काढायला, त्याने मजुरी जास्त मागितली ती मी न बोलता दिली. पॅनल आणि बॅटरीच्या बाजूचे ब्रेकर डीसीचेच हवेत (तिथली वीज डीसी, घरातली एसी), एसीचा साधा एमसीबी तिथे लावला तर तोडताना आतली ठिणगी (आर्क) विझत नाही आणि आग लागू शकते, हे पैसे वाचवायचं ठिकाण नाही. आधीच ऑनग्रिड आणि नेट मीटर असेल तर इन्व्हर्टर बदलायच्या आधी वीज खात्याला कळवून परवानगीचे कागद नीट करा, नंतर धावपळ नको.

इथपर्यंतचा हिशोब उन्हाळ्याचा. मार्च-एप्रिलमध्ये एक किलोवॅट पॅनल दिवसाला चार-साडेचार युनिट देतो, म्हणजे तीन किलोवॅटचे बारा-तेरा, घर चालून बॅटरी दुपारी एकलाच फुल्ल. जुलैत तेच तीन किलोवॅट चार-पाच युनिटवर येतात आणि सत्तरी-डिचोलीकडे ढग बसले की एखाद्या दिवशी एकच युनिट. गोव्यात वर्षाचा तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत, तेव्हा लाईट जास्त जाते त्याच दिवसात सोलर कमी देतं, हे गणित कोणी विकणारा सांगत नाही. मग काहीजण म्हणतात तीन दिवसांची बॅटरी घेऊ. घ्या, पण पहिला डबा वर्षात तीनशे रात्री कामाला येणार, तिसरा डबा वर्षात पाच-सहा दिवस कामाला येणार आणि बाकी दिवस नुसता म्हातारा होणार. त्या पाच-सहा दिवसांसाठी दुसरा उपाय स्वस्त पडतो.

पहिला आधार म्हणजे लाईनच. गोव्यात स्वतःची मोठी वीजनिर्मिती नाही, जवळजवळ सगळी बाहेरून येते, पण जुलैत सुद्धा दिवसातले बहुतेक तास ती असते, तर तेवढ्यात बॅटरी भरून घ्यायची. इन्व्हर्टरच्या सेटिंगमध्ये बॅटरी किती टक्क्यांखाली जाऊ द्यायची ते ठरवता येतं. मी ऑक्टोबर ते मे २० टक्के ठेवतो आणि एक जूनला ५० करतो, म्हणजे लाईट कधीही गेली तरी निदान अर्धी बॅटरी हातात असतेच, आणि बॅटरी खाली आली की लाईनवरून भरायला परवानगी देतो. बिल थोडं वाढतं, चालतं. घरात ऑक्सिजन मशीन किंवा रोजच्या इन्सुलिनचा फ्रीज असेल तर मी ७० च ठेवला असता.

दुसरा आधार जनरेटर. इथे लोक चूक करतात ती म्हणजे जनरेटरवर रात्रभर घर चालवतात, तो बिचारा दोन पंख्यांसाठी घरघरत राहतो आणि पेट्रोल पितो. जनरेटरने घर चालवू नका, बॅटरी भरा. दोन केव्हीएचा छोटा पेट्रोल जनरेटर नीट लोडवर लिटरला साधारण दोन युनिट देतो. संध्याकाळी दोन-अडीच तास लावला, चार्जिंग २५ अँपिअरवर ठेवलं म्हणजे सव्वा किलोवॅटच्या आसपास, की तीन युनिट बॅटरीत गेले, जनरेटर बंद, रात्र शांत. जनरेटर इन्व्हर्टर-टाईप घ्या, त्याची वीज साफ असते. साध्या जनरेटरची फ्रिक्वेन्सी हलते आणि हायब्रिड इन्व्हर्टर ती घेतच नाही, तसं झालं तर सेटिंगमध्ये यूपीएस मोड काढून अप्लायन्स मोड लावून बघा, त्यात तो थोडी वाकडी वीज पण चालवून घेतो.

जोडणी इन्व्हर्टरच्या जनरेटर इनपुटला, नायतर चेंजओव्हर स्विच लावून. दोन्ही बाजूला पिना असलेली वायर करून प्लगमध्ये खुपसायची जी पद्धत गावात आहे ती माणूस मारायची पद्धत आहे, मेन बंद करायला एकदा विसरलात की करंट लाईनीत. आणि जनरेटर पावसात भिजतो म्हणून बाल्कांवात (दारापुढच्या ओसरीत) किंवा पडवीत आणून लावू नका, त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साईडला वास नाही, झोपलेली माणसं उठत नाहीत. घरापासून लांब, वर पत्रा टाकून, खिडक्यांच्या उलट बाजूला. महिन्यातून एकदा पंधरा मिनिटं चालवायचा आणि पावसाळा संपला की कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल काढून टाकायचं, नायतर पुढच्या जूनमध्ये दोरी ओढून खांदा निखळेल, चालू होणार नाही.

आपल्याकडच्या हवेचं थोडं. मे आणि ऑक्टोबरात विजा पडतात तेव्हा डीसी आणि एसी दोन्ही बाजूला एसपीडी म्हणजे विजेचा झटका अंगावर घेणारा डबा हवा, त्याची छोटी खिडकी हिरवी असते, लाल झाली की तो मेला, बदला. जांभ्या जमिनीत अर्थिंग नीट लागत नाही, खड्डा खोल घ्या आणि उन्हाळ्यात त्यात पाणी घालत जा. समुद्राजवळ असाल तर स्ट्रक्चरचे बोल्ट स्टेनलेसचे. माडाचं एक झावळ सावली टाकत असेल तर त्या ओळीतल्या सगळ्या पॅनलची वीज उतरू शकते, तेव्हा एप्रिलमध्ये नारळ पाडणारा पाडेली येतो त्यालाच झावळं उतरवायला सांगायची. पाऊस संपला की पॅनलच्या खालच्या कडेला शेवाळ धरलेलं असतं, सकाळी थंड असताना ओल्या फडक्याने पुसा, काथ्याने घासू नका. आणि इन्व्हर्टरच्या खालच्या वायरींच्या भोकांना बूच बसवा, आत ऊब असते म्हणून पाली जाऊन बसतात, आमचा एक बोर्ड पालीनेच शॉर्ट केला, पाल पण गेली आणि बोर्ड पण, आणि वॉरंटीत पाल बसत नाही म्हणे.

सगळं बसलं की मे महिन्यातल्या एका शनिवारी संध्याकाळी सात वाजता मेन स्विच खाली करायचा आणि सकाळपर्यंत हात लावायचा नाही. घरच्यांना आधी सांगून ठेवा. टीव्ही, पंखे, सगळं नेहमीसारखं वापरायचं आणि दर दोन तासांनी बॅटरीचे टक्के वहीत लिहायचे. आमचे रात्री सातला १००, अकराला ७६, सकाळी सातला ४१. आठ वाजता ऊन आलं, मेन अजून बंदच, आकडा एकेक करून वर चढायला लागला आणि मी वही मिटून चहा मागितला. आई म्हणाली चहा देते, पण रात्री देवघरातला दिवा लागला नव्हता, मी बटण दाबून दाबून थकले. दीड दिवस न्यूट्रल शोधणारा वायरमन देवघराचं सर्किट बॅकअपवर घ्यायलाच विसरलेला. सोमवारी येऊन जोडून गेला.